पाण्याला झालेला बर्ड फ्लू

उबाळे मॅडमविषयी लिहायचं तर आधी माझा गुन्हा कबूल केलेला बरा. त्यांच्या आजवरच्या नोकरीत पाण्याला बर्ड फ्लू एकदाच झाला, आणि तो मी केला.

वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस चक्रम दिसतो, पाण्याला कुठे बर्ड फ्लू होतो? थोडा दम धरा. आमच्या कचेरीत चक्रमपणाचा मान मॅडमचा आहे, आणि त्यांचा चक्रमपणा समजल्याशिवाय माझा गुन्हा समजायचा नाही.

उबाळे मॅडम मागे फिरत नाहीत. मी त्यांच्या स्वभावाविषयी बोलत नाही, पायांविषयी बोलतोय. ज्या वाटेने गेल्या त्या वाटेने त्या परत येत नाहीत. छत्री दुकानात राहिली तर पुढच्या चौकापर्यंत जातील, तिथून वळसा घालून मागच्या गल्लीतून दुकानात शिरतील आणि छत्री घेतील. मागून हाक मारली तर वळून बघत नाहीत. बोलायचं असेल तर माणसाने धावत पुढे जावं आणि समोरून यावं. शहापूरच्या बाजारात एखादा सभ्य इसम विनाकारण धावताना दिसला तर समजावं, पुढे उबाळे मॅडम चालल्या आहेत. "पुढं गेलेला माणूस मागं येत नाय," हे त्यांचं वाक्य. भेंडी निवडतानाही त्या हे म्हणतात.

याचं मूळ आमच्या कामात आहे. आमची प्रयोगशाळा शहापूरच्या बाहेर, महामार्गापासून जरा आत, शेताच्या कडेला. जनावरांकडून माणसांकडे येऊ शकणारे विषाणू वेळेत हेरायचे, हे आमचं काम. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून नमुने येतात. मेलेल्या कोंबडीच्या घशात फिरवलेला कापसाचा बोळा, तानसाच्या रानातल्या वटवाघळांच्या झाडाखालची घाण, कुणाच्या डुकराचं रक्त. आम्ही पहिली चाळणी. संशय आला की नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो, आणि शेवटचा शब्द तिथला.

चाळणी तीन खोल्यांची आहे. पहिल्या खोलीत पाणी आणि रसायनं एकत्र करून मिश्रण बनवायचं. तिथे रोगाचं नावसुद्धा काढायचं नाही. दुसऱ्या खोलीत त्या मिश्रणात नमुना घालायचा. तिसऱ्या खोलीत मशीन. नमुन्यात विषाणूचा एखादा धागा असला तरी मशीन त्याच्या कोट्यवधी प्रती काढतं. मग नळी उघडायची, आतला थेंब जेलीच्या पातळ वडीतल्या इवल्याशा खान्यात सोडायचा, वीज लावायची आणि जांभळ्या उजेडात बघायचं. रोग असेल तर त्या खान्याखाली चकाकता पट्टा उमटतो. नसेल तर कोरं.

आता मेख अशी, की तिसऱ्या खोलीतल्या त्या कोट्यवधी प्रतींपैकी एखादी हातमोज्याला चिकटून पहिल्या खोलीत पोचली, की मशीन तिच्याही कोट्यवधी प्रती काढणार. मग धडधाकट कोंबडीसुद्धा आजारी ठरणार. म्हणून पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, तिसरीतून थेट घरी. पहिलीत पुन्हा पाऊल टाकायचं ते दुसऱ्या दिवशी, अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत. अशा सगळ्याच प्रयोगशाळांत हा नियम असतो. फरक इतकाच, की बाकीचे लोक तो कामावर पाळतात.

मॅडमचं घर मुरबाडला. त्याही तीन खोल्या. पहिलीत स्वयंपाक, दुसरीत जेवण, तिसरीत उष्टी भांडी आणि मागचं दार. एकदा त्यांनी मला आणि बायकोला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर बायको चांगुलपणाने ताट उचलून स्वयंपाकघराकडे निघाली, तर मॅडम दारात दोन्ही हात पसरून उभ्या. ताट तिसऱ्या खोलीत गेलं. मग बायकोच्या लक्षात आलं की तिची पर्स स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिली आहे. मॅडमनी तिला मागच्या दाराने बाहेर काढलं, घराला वळसा घालायला लावला, नळावर हातपाय धुवायला लावले आणि पुढच्या दारातून आत घेतलं. घेताना "या, या. ऊन फार आहे ना बाहेर?" असंही विचारलं. मोटरसायकलवर परत येताना बायको म्हणाली, बाई मनाने चांगल्या आहेत, पण दुसऱ्यांदा भात मागायला मला धीर झाला नाही. कुठून फिरून यावं लागलं असतं कोण जाणे.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत त्या एका टोकाने शिरतात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. एका वर्षी सुरुवातीलाच एक घोंगडी त्यांना आवडली. पुढे याहून चांगली मिळेल म्हणून त्या पुढे गेल्या. पुढच्या सगळ्या घोंगड्या खरखरीत निघाल्या. मॅडमनी ती पहिली घोंगडी घेतली, पण दुसऱ्या वर्षी जत्रेत शिरताना.

सगळ्यात गाजली ती एसटीची हकिकत. कल्याणहून येताना त्यांचा डोळा लागला आणि मुरबाड मागे पडलं. दुसरा कुणी टोकावड्याला उतरून परतीची गाडी पकडेल. मॅडम टोकावड्याला ओळखीच्यांकडे मुक्कामाला राहिल्या, सकाळी पुढची गाडी धरून माळशेज घाट चढल्या, आणि आळेफाटा, पुणे, कल्याण असा फेरा मारून घरी पोचल्या. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'घरी परतत होते.'

ही सवय फक्त प्रयोगशाळेने लावली असं त्या मानत नाहीत. त्यांचे वडील कसाऱ्याला रेल्वेत पॉइंटमन, म्हणजे सांधेवाले होते. थळ घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, गाडी वर जावी आणि मागे घसरू नये म्हणून. वडील ड्युटीवरून आले की शाळेचं विचारताना म्हणायचे, "गाडी घाट चढली का मागं आली?" त्याच्याही आधी आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा सगळं मागचं मागे टाकलं होतं. "आमच्या घरात मागं फिरायची रीतच नाय रे, धानके," असं मॅडम हसत सांगतात. धानके म्हणजे मी.

त्यांचं लग्न झालं नाही. आमचा क्लार्क हरड सांगतो, की बघायला आलेला मुलगा निरोप घेऊन निघाला होता, पण रुमाल विसरला म्हणून परत आला आणि तिथेच फिसकटलं. ही गोष्ट हरडने रचलेली असावी. मॅडमना एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, "रुमाल नाय रे, चप्पल." त्यामुळे अजून नक्की काही कळलेलं नाही.

मॅडम माणसांची खुशाली विचारत नाहीत. "कोंबड्या कशा हायत?" असं विचारतात. शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात वधूपित्याला त्यांनी मटण संपल्यावर वाढलेली कोंबडी कुठून आणली हे विचारलं होतं. दोन्ही तालुक्यांत कुठे कावळा मरून पडला की पहिला फोन त्यांना येतो. माझे वडील गेले तेव्हाची गोष्ट सांगतो. दशक्रियेला नदीकाठी सगळे नातेवाईक जमले होते, पिंड मांडला होता, आणि कावळा शिवेना. मग सुरू झालं. काका म्हणाले, विहिरीचा पंप दुरुस्त करू. चुलतभाऊ म्हणाला, धाकट्याचं लग्न याच वर्षी लावू. मी सिगारेट सोडायचं कबूल केलं. कावळ्याचा पत्ता नाही. सगळे हात जोडून वर बघत असताना मागून मॅडमचा आवाज आला, "धानके, तुमच्याकडं कावळे कधीपासून दिसत नायत?"

मी म्हटलं, लक्षात नाही. त्यांनी पर्समधून हातमोजे आणि झिपची पिशवी काढली आणि मेलेला कावळा सापडतोय का बघायला पलीकडच्या आंब्याखाली गेल्या. त्या तिकडे गेल्या आणि इकडे कावळा पिंडाला शिवला. माझी आत्या तेव्हापासून ठामपणे सांगते, की भावाचा जीव त्या बाईत अडकला होता. मी तिला पुष्कळ समजावलं. ती फक्त डोळे मिटून मान हलवते.

असं हे माणूस. मी त्यांच्या हाताखाली तयार झालो. थेंब मोजून सोडायची पिपेट कशी धरायची, श्वास कधी रोखायचा, नळीचं झाकण अंगठ्याने कसं उघडायचं, सगळं त्यांनी शिकवलं. आणि पाणी बघायला शिकवलं. जेलीच्या प्रत्येक वडीत एक खाना नुसत्या पाण्याचा असतो. त्यात नमुना नाही, काही नाही. तो कोरा राहिला तरच बाकीच्या खान्यांवर विश्वास ठेवायचा. त्यात पट्टा आला तर समजायचं, घाण पहिल्या खोलीत शिरली आणि सगळी मेहनत मातीत गेली. आम्ही बाकीचे अधाशासारखे आधी रोगाचे खाने बघतो. मॅडम आधी पाण्याचा बघतात. तो कोरा दिसला की हलकेच म्हणतात, "घरात सगळं ठीक हाय." मग कोंबड्यांकडे वळतात.

तर त्या दिवशी वैशाखऱ्याहून नमुने आले. तिथल्या एका पाड्यात कोंबड्या पटापट मरत होत्या. आमच्या डॉक्टरसाहेबांनी निकाल येईपर्यंत पाड्यातल्या सगळ्या कोंबड्या कोंडून ठेवायला सांगितलं होतं. विकायची नाही, कापायची नाही, अंडंसुद्धा बाहेर द्यायचं नाही. बर्ड फ्लू निघाला तर उरलेल्याही माराव्या लागणार, म्हणून पाडा श्वास रोखून बसलेला.

मिश्रण मी सकाळी पहिल्या खोलीत बनवून झाकून ठेवलं होतं. मग तिसऱ्या खोलीत आदल्या दिवशीच्या, मुद्दाम रोग घातलेल्या चाचणीच्या नळ्या उघडल्या आणि जेलीत भरायला लागलो. भरायला लागलो म्हणजे काय, मला खाने दिसेनात.

इथे आणखी एक कबुली. मला जवळचं दिसायचं बंद होऊन बराच काळ झाला होता. शहापूरच्या स्टँडसमोरच्या टपरीवरून मी एक चष्मा घेतला होता आणि तो चोरून वापरत होतो. जेली भरायला बारीक नजर लागते. नजर गेली की टेबल जातं, अशी मी धास्ती घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं.

चष्मा पहिल्या खोलीत राहिला होता. मॅडम बाहेर नमुन्यांचे कागद बघत होत्या. मी गेलो. हातात तेच मोजे. चष्मा पाण्याच्या बाटलीमागे होता. बाटली सरकवली, चष्मा घेतला, बाटली जागेवर ठेवली, आलो. जाताना उजव्या पायाने आत गेलो होतो हेही आठवतं, जणू त्याने काही फरक पडणार होता. नंतर मॅडमनी मिश्रण थोडं कमी पडतंय म्हणून त्याच बाटलीतलं पाणी घेऊन ते वाढवलं.

दुपारी जांभळ्या उजेडाखाली आम्ही वाकलो. मॅडमनी सवयीने आधी पाण्याचा खाना बघितला, पण ते नेहमीचं वाक्य आलं नाही. पाण्याखाली ठसठशीत पट्टा होता. कोंबड्यांखालीही होता, पण त्याला आता काही अर्थ उरला नव्हता.

हरडला समजायला वेळ लागला नाही. तो म्हणाला, "मॅडम, आपल्या तानसा तलावाचं पाणी जातं मुंबईला. कळवू का तिकडं, दोन शिंका आल्या तर घाबरू नका म्हणून?" एरवी मॅडमनी त्याला उलट टोला दिला असता. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकेक करून विचारलं. कोण मागं आलं? हरड म्हणाला, मी तर पुढेही जात नाही. सफाईला येणाऱ्या बाई म्हणाल्या, मी आज आलेच उशिरा. शेवटी मॅडम माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "मी नाय, मॅडम."

त्यांनी लगेच मान डोलावली. एवढ्या लगेच, की मला खोटं मागे घ्यायला जागाच राहिली नाही. ज्याला स्वतः घडवलं तो नाही म्हणतो म्हणजे नाही.

पुढच्या दिवसांत त्यांनी तिन्ही खोल्यांच्या भिंती जंतुनाशकाने पुसल्या, रसायनं फेकून दिली, पाण्याची बाटली फेकून दिली. मी हातात फडकं घेऊन त्यांच्यासोबत पुसत होतो. स्वतःच्याच पापाची जागा इतकी मन लावून कुणी पुसली नसेल. नमुन्याचा उरलेला भाग डॉक्टरसाहेबांनी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथून निकाल यायला वेळ लागला, तोवर पाड्यातल्या कोंबड्या कोंडलेल्याच, आणि आला तो चांगला आला. बर्ड फ्लू नव्हता, मानमोडी होती. मानमोडीने कोंबड्या मरतात, पण उरलेल्या माराव्या लागत नाहीत, पाड्यावरचं संकट टळलं. पाडा सुटला, साहेब सुटले, आणि मला वाटलं मीही सुटलो.

मग एका सकाळी मॅडमनी त्यांच्या पिपेटचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, कोणीच मागं आलं नव्हतं, म्हणजे थेंब माझ्याच हातून उडाला. हल्ली चहाचा कप धरताना हात जरा हलतो, माझ्या लक्षात आलं होतं, मी दुर्लक्ष केलं. आता हे तू सांभाळ.

त्या दिवसापासून त्या बाहेरच्या खिडकीत बसून नमुने घ्यायला लागल्या. उजवा हात कायम ओढणीखाली. चहा डाव्या हाताने. आणि त्यांनी लसींच्या गोदामात बदली मागितली. तिथे खोल्या नाहीत, एक मोठं शेड आणि फ्रीज. साहेब अर्ज दाबून बसले होते, पण मॅडम रोज आठवण करायच्या. महिनाअखेर जायचं ठरल्यासारखंच होतं. नजरेसाठी आपलं टेबल जाईल म्हणून मी भ्यायलो, आणि टेबल गेलं मॅडमचं, तेही मलाच मिळालं.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा संध्याकाळी त्या स्टँडकडे निघाल्या तेव्हा मागून हाक मारली. अर्थातच त्या वळल्या नाहीत. मी धावलो, पुढे गेलो, समोरून आलो, तोवर इतका धापा टाकत होतो की त्यांनी मला दम्याचं औषध सुचवलं आणि एसटी आली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी "मॅडम, पाण्याचं..." असं सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, "त्या पाण्याचं नाव नको रे काढू," आणि मी नाव काढलं नाही. यात माझा दुबळेपणा किती आणि त्यांचा आदर किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. दुबळेपणाच जास्त असावा.

घरी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मॅडमना कधी सांगणार? मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, "बघायला चष्मा लागतो तुम्हाला. तो लावा आणि जा."

तेवढ्यात साहेबांनी मला वैशाखऱ्याला पाठवलं. पाड्यातल्या उरलेल्या कोंबड्यांचे पुन्हा नमुने घ्यायचे होते, सगळं निवळलं का ते बघायला. बर्फाची पेटी मोटरसायकलला बांधून मी गेलो. पाडा रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांमधून वर चढत गेलेला, घरं एकामागे एक. पहिल्याच घरात पेटी खाली ठेवली तर घरची बाई म्हणाली, "तुमच्या बाई आताच येऊन गेल्या की."

मी विचारलं, कोणत्या बाई?

"त्या मुरबाडच्या. माफी मागून गेल्या. म्हनल्या, माज्या हातनं चूक झाली, गो, तुमच्या कोंबड्या उगाच कोंडल्या. आमी म्हनलं, जाऊ दे, बाई. पन ती काय ऐकंना."

पेटी उचलून मी तसाच पुढच्या घराकडे निघालो. कोंबडीच्या घशात बोळा फिरवायचा राहून गेला.

दुसऱ्या घरातली बाई जरा तिखट होती. कोंबड्या कोंडल्या होत्या तेव्हा तिचा जावई आला होता. नवा जावई, पहिलाच सण, आणि त्याला वरणभात वाढावा लागला. "जावई अजून बोलून दाखवतो," ती म्हणाली. "तुमच्या बाईला समदं सुनावलं मी. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. म्हनली, जावयाचा नंबर दे, मी त्याला फोन करते."

तिसऱ्या घरात मी पोचलो तेव्हा मॅडम चौथ्यात जाऊन आल्या होत्या. त्या पुढे, मी मागे. प्रत्येक दारात मला माझीच माफी ऐकायला मिळत होती, दुसऱ्याच्या तोंडून मागितलेली. एका घरी म्हातारीने त्यांना चहा पाजला होता. ती मला म्हणाली, "मी इचारलं, बाई, घरी कोन हाय तुज्या? तर म्हनली, माजं घर ते तिथंच व्हतं, त्या लॅबमधी. आता तिथनंबी निघाले." मग तिने मलाही चहा विचारला. मी नको म्हटलं आणि चढ चढायला लागलो.

शेवटचं घर चांगुणा आजीचं. आजी ओटीवर तांदूळ निवडत होती. शेजारी मॅडम बसल्या होत्या, मांडीवर आजीची एक लाल कोंबडी. सवयीप्रमाणे तिचा तुरा, डोळे, चोच बघत होत्या आणि तिला काहीतरी विचारत होत्या. उजवा हात ओढणीच्या बाहेर होता, कोंबडीच्या मानेवर. मला बघून म्हणाल्या, "तू आलास का? बस. ही चांगली हाय. खाणं पण सुरू झालंय तिचं."

मी बसलो नाही. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, पण त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "मॅडम, मागं मी आलो होतो."

"कुठं?"

"पहिल्या खोलीत. त्या दिवशी. चष्मा राहिला होता माझा. मोजे न बदलता पाण्याची बाटली सरकवली. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

 मॅडमनी कोंबडी हलकेच खाली सोडली. मग उजवा हात समोर धरला, उन्हात, आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. बोटं पसरली, मिटली. हात हलत होता का? थोडा हलत होता. 

हात खाली घेत त्यांनी विचारलं, "चष्मा कधीपासून लागतो रे तुला?"

मी सांगितलं.

"मग सांगायचं ना, बाबा," त्या म्हणाल्या. "तुझे खाने मी भरले असते."

यावर मला काय झालं ते लिहीत नाही. एवढ्यात आजीने सूप बाजूला ठेवलं. खालच्या घरांतल्या बायका माझ्यामागून चढून वर आल्या होत्या आणि अंगणात उभ्या होत्या. त्यांत जावयाची सासूही होती. आजीला कमी ऐकू येत असावं.

"काय म्हनतो हा?" तिने मॅडमना विचारलं.

मॅडम म्हणाल्या, काही नाही, कामाचं बोलतोय. आणि मला डोळ्यांनी खुणावलं, की पुरे. स्वतःची चूक दारोदार सांगत फिरलेली ही बाई माझी झाकायला निघाली होती.

आजी काही सोडणारी नव्हती. म्हणाली, "कामाचं असंल तर जोरात बोल की, रे. आमच्या कोंबड्यांचंच काम ना?"

मी अंगणात उतरलो. सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मी याआधी दशक्रियेला, कावळ्यासाठीसुद्धा काढला नव्हता. म्हणालो, "मावश्यांनो, तुमच्या कोंबड्या एवढे दिवस कोंडल्या गेल्या त्या माझ्यामुळं. बाईंच्या हातानं काही झालेलं नाय. त्यांचा हात चांगला आहे. चूक मी केली, खोटं मी बोललो, आणि माफी मागत त्या फिरल्या. त्यांनी मागितलेली माफी त्यांना परत करा. ती माझी आहे. मावश्यांनो, मला माफ करा. मॅडम, मला माफ करा."